चाळीस डोंगरांवरचा धूर

गुरुजी, माझ्या मुलीला दिवस गेले आहेत, आणि त्या बाबतीत मनातलं विचारावं असं माणूस मला सगळ्या लातुरात सापडेना म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की उत्तराची घाई तुम्हाला नसणार. ती हयातीतही नव्हती म्हणा. आम्ही शंका विचारली की तुम्ही पानाचा डबा पुढे ओढायचात, सुपारी कातरायला घ्यायचात, आणि ती कातरून होईपर्यंत आमच्यातले निम्मे जण आपापली शंका मुकाट्याने मागे घ्यायचे. ही मला मागे घेता येत नाही, कारण ती माझी नाही. मुलीची आहे. मी नुसता निरोप्या.

आधी आमची हालहवाल सांगतो. मी अजून संस्कृत शिकवतो. खरं सांगायचं तर संस्कृतात गुण कसे मिळवायचे ते शिकवतो. या गावात आपल्या विषयाला तेवढ्यापुरता मान आहे आणि आम्ही दोघं, विषय आणि मी, त्यात समाधानी आहोत. मुलगी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेली गावोगावची पोरं तिच्यापुढे दाटीवाटीने बसलेली असतात. गुणसूत्रांच्या जोड्या असतात, त्यातल्या एकविसाव्या जोडीत दोनाच्या जागी तीन आली की मूल कसं होतं, त्याचे डोळे कसे, जीभ कशी, बुद्धी कशी, हे ती दर वर्षी फळ्यावर लिहून देते आणि ‘हमखास येणार’ म्हणून खाली दोन रेघा मारते. पोरं उतरून घेतात. तीही फळा पुसून पुढच्या धड्याला लागते. म्हणजे आमच्या घरात या गोष्टीची माहिती कमी होती असं नाही. माहिती भरपूर होती. तिचा उपयोग काय करायचा, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं.

आता तिसरा महिना सरता सरता एक सोनोग्राफी करतात आणि आईचं रक्त तपासतात. पोटातल्या बाळाच्या मानेमागे पाण्याची बारीक पट्टी असते, तिची जाडी मोजायची, रक्तातल्या दोन द्रव्यांचं प्रमाण पाहायचं, त्यात आईचं वय मिळवायचं, आणि मग यंत्र एक आकडा देतं. आमचा आकडा आला, चाळीसात एक. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, सावकाश बोलतात. “हा निकाल नाही, सर. ही फक्त शक्यता आहे. असा रिपोर्ट आलेल्या चाळीस जणींपैकी एकोणचाळीस जणींचं बाळ या बाबतीत ठीक असतं.” जावई औशाला बँकेत आहे, त्याचा आकड्यांवर भरवसा, त्याला हे ऐकून हायसं वाटलं. मुलगी मात्र त्या उरलेल्या एकीकडेच बघत बसली होती. मला, गुरुजी, तुमचा डोंगर आठवला. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असतोच, हे तुम्ही आमच्याकडून किती वेळा म्हणवून घेतलंत. या बाईंचं शास्त्र वेगळं आहे. चाळीस डोंगरांवर धूर, अग्नी एकावरच, आणि तो कोणत्या डोंगरावर हे वर चढल्याशिवाय सांगता येत नाही. मी तुमच्याकडे ज्यात पहिला आलो ते सगळं अनुमानशास्त्र त्या खोलीत दोन मिनिटांत निकामी झालं.

त्यांनी विचारलं, नात्यात असं कोणी होतं का? मी ताबडतोब म्हणालो, “होता.” मुलीने, हिने म्हणजे माझ्या बायकोने, जावयाने, तिघांनी माना वळवल्या. “कोण?” “गुरुबंधू.” डॉक्टरीणबाईंची बोटं टाइप करता करता थांबली. “सर, मी रक्ताचं नातं विचारतेय.” मी म्हणालो, तसं नाही. मग त्यांनी ‘नाही’ असं लिहिलं. मला ते जरा लागलं, पण त्यांचंही बरोबर होतं.

तर दादा. तुमचा एकुलता एक. आम्ही शाळेची पोरं आणि तो तिशीचा बाप्या, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणायचो. नाहीतर काय म्हणणार? तेव्हा त्या अवस्थेला नाव नव्हतं, निदान नांदेडच्या आपल्या गल्लीत नव्हतं. ‘गुरुजींचा भोळा’ एवढंच. तो पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचा आणि आम्ही म्हणत असू त्याच्या जरासं मागून ओठ हलवायचा. सगळ्यांच्या चपला ओट्याखाली लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवणं हे त्याने स्वतःकडे घेतलेलं खातं होतं. मधूनच एखादा उठून आपली चप्पल घेऊन गेला की रांगेत खिंड पडायची, आणि दादा असा काही आकांत करायचा की शेजारच्या म्हशी दावं ताणायच्या. एकदा त्याने मला तांब्या फेकून मारला. भुवईवर खूण आहे अजून. मी मुलीला लहानपणी या सगळ्या गमती सांगून भात भरवला आहे. तिला दादा म्हणजे गोष्टीतला कोणी वाटायचा.

आणि तो दिवस. पैठणकडचे कोणी शास्त्री तुमच्याकडे जेवायला आलेले. दादा पानावर बसून वरण ओरपतोय, आणि ते बघून शास्त्रीबुवा म्हणाले, पूर्वजन्मीचं पातक असतं, काय करणार. तुम्ही भातावर तूप वाढून घेत होतात. मान वर न करता म्हणालात, “माझं का त्याचं, तेवढं ठरवून सांगा. म्हणजे प्रायश्चित्त कोणी घ्यायचं ते कळेल.” शास्त्रीबुवांनी त्यानंतर भात मागून घेतला नाही. आम्ही पोरं महिनाभर ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होतो. मला आजही ते फार आवडतं.

पण मी स्वयंपाकघरातही असायचो ना, गुरुजी. काकूंना पाणी भरू लागायला, जात्यावरून पीठ उतरवायला. दादाला अंघोळ काकू घालायच्या. तिशीच्या पुरुषाला, मोरीत पाटावर बसवून, स्वतःचं लुगडं वर खोचून. तो घाबरून त्यांना ढकलायचा. एकदा त्या मोरीच्या कडेवर पडल्या आणि कितीतरी दिवस कमरेत वाकून चालत होत्या. तुम्ही तेव्हा बाहेर ओट्यावर असायचात. जीव आणि ब्रह्म एकच कसे, ते आम्हाला समजावून सांगत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा टोमणा आहे. एका दुपारी दादाला झोपवून काकू चुलीपुढे बसल्या होत्या, मी शेंगा फोडत होतो, आणि त्या माझ्याकडे न बघता बोलल्या: “तुझ्या गुरुजींना बोलायला काय की बाबा, छान बोलतात. मी एकच मागून राहिले. माझ्या आधी हा जावा.” मी शेंगा फोडतच राहिलो. आई आपल्या मुलासाठी असं काही मागू शकते हे मला ठाऊक नव्हतं. पुढे मी लातूरला नोकरीला लागलो आणि दादा गेला, काकूंच्या आधी. त्यांचं मागणं मान्य झालं. मी तेराव्याला आलो तर त्या भरदिवसा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. “ये,” म्हणाल्या, “आता मला कामच नाही काही.” पुढच्या वर्षी त्या गेल्या. तुमच्या घरात मी दोन पाठ शिकलो, एक ओट्यावर आणि एक आत, आणि दोन्ही जुळवून कसे वाचायचे ते तुम्ही कधी शिकवलं नाहीत.

असो. डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. पट्टी जाड आहे, तेव्हा पुन्हा नुसतं रक्त तपासत बसण्यापेक्षा पोटातून बारीक सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढावं आणि ते तपासावं. म्हणजे हो की नाही ते पक्कं कळेल. गर्भाला धोका थोडा, पण आहे. ते सोळावा आठवडा लागल्यावर होतं, आणि त्यासाठी त्यांनी नांदेडच्या एका तज्ज्ञांचा पत्ता दिला. मधले दिवस आम्ही घरात उगाचच हळू आवाजात बोलायला लागलो. जणू पोटातलं ऐकेल. जावई दर वाक्याला “तू म्हणशील तसं” म्हणायचा, शेवटी मुलगी त्याच्यावर ओरडली, “मी काहीच म्हणत नाहीये, मग कसं?”

अशात एका सकाळी विहीणबाई आल्या. शिरूर अनंतपाळकडचं शेतकरी घर. बाई पहिल्या एसटीने निघून, पिशवी पोटाशी धरून आलेल्या. पिशवीत हिरव्या खणाची चोळी, नारळ, घरचा गूळ. सुनेला दिवस राहिले की बोभाटा न करता सासूने गुपचूप द्यायची ती चोरचोळी. आम्ही सगळे हसून स्वागत करतोय आणि एकमेकांकडे बघणं टाळतोय. ही चहा टाकायला आत गेली, तर त्या मागोमाग. मी दारात.

“इहीनबाई, काय लपवायलाव माझ्यापासून?”

“काही नाही हो, जरा अशक्तपणा...”

“अशक्तपना म्हनून नांदेडला नेत्यात व्हय? लातुरातले दवाखाने बंद पडले का? पोरगं फोनवर नीट बोलंना, सून नजर दिईना. मी अडानी हाय, येडी न्हाई.” त्यांनी पदर कमरेला खोचला. “हितं बोर्ड लावल्यात, पोरगा का पोरगी सांगत न्हाईत. म्हनून लांब नेत्यात. आमच्या जावेला असंच नेलतं, तपासनी म्हनून. जाताना दोन जीवांची गेली, येताना एकली आली. तवा मला बोलाया तोंड नव्हतं. आता हाय. पोरगी असंल तर आमाला लई चालती. पोरगी म्हनून कुनी सुई-बिई लावली तर मी हितून हालनार न्हाई, सांगून ठिवते. सर, तुमी एवढे शिकलेले आन तुमच्या घरात ह्यो धंदा?”

गुरुजी, मी माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात आरोपी म्हणून उभा होतो, आणि आरोप खोटा असूनही मला सुटका नको होती. खरं काय ते सांगण्यापेक्षा हा आरोप सोपा होता. तरी मी घसा साफ करून “माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या...” इथून सुरुवात केली. ही म्हणाली, “अहो, तुम्ही थांबा,” आणि एका दमात सांगून टाकलं. मुलगा-मुलगी काही कळलेलं नाही. बाळ मतिमंद असेल अशी शंका आहे.

विहीणबाई म्हणाल्या, “आमच्या मारुतीच्या पाराव एक जन बसतो. लाळ गळती. तसं?”

“तसंच असं नाही,” मी म्हणालो. “आता शाळा असतात, उपचार असतात. पण... तशातलं.”

त्या खाली फरशीवरच टेकल्या. खोचलेला पदर आपोआप सुटला. “त्याची माय होती तवर चांगला होता त्यो. शर्टाची गुंडी लावलेली असायची. आता भावजय वाढती, ताट लांबून सरकवून.” हिने चहा उतरवला. “पोरगी म्हनून भांडाया आले मी. एसटीत समदं पाठ करत आले. ह्याचं काय बोलावं, मला कळंना झालंय.” आणि मग, मला आजवर कोणी इतकं अवघड विचारलेलं नाही अशा साध्या आवाजात, “सर, पुस्तकात काय लिव्हलंय?” मी म्हणालो, पुस्तकात नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना तसंच वाटलं होतं.

मुलगी केव्हा आत येऊन उभी राहिली आम्हाला कळलंच नाही. सासूला म्हणाली, “आत्या, पिशवीत काय आणलंत?”

“चोळी हाय बाई. आता दिऊ का समदं कळल्याव दिऊ, तूच सांग.”

“निकाल माझा नाही यायचा. चोळी माझी आहे ना? मग द्या.”

तिथेच, गॅसच्या शेजारी, ओटी भरली. विहीणबाईंनी कुंकू सरळ लावलं. जेवून त्या दुपारच्या गाडीने परत गेल्या. जाताना हिला म्हणाल्या, कळलं की मला फोन करा, रडत करू नका, मला फोनवर रडणं कळत न्हाई.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होतो. मुलगी वर आली. “बाबा, तुमच्या गुरुजींकडचा दादा. त्याला हेच होतं ना?”

“असावं. आता बघतो तर सगळं जुळतं.”

“मग मला परत सांगा.” मी तुमचं शास्त्रीबुवांना दिलेलं उत्तर सांगितलं. ती हसली, बऱ्याच दिवसांनी हसली. मग टॉवेलची घडी घालत म्हणाली, “हे गुरुजी म्हणाले. त्याची आई काय म्हणायची?”

इथे मी तुमच्यासारखा सुपारी कातरत बसलो असतो, पण मी सुपारी खात नाही. चिमटे गोळा केले, पुन्हा सुटे केले. खोटं सांगावं तर ती पुढे तीस वर्षं त्यावर चालणार. खरं सांगावं तर माझ्या तोंडच्या एका वाक्याने इकडचं तिकडे होऊ शकतं, आणि ते मूल अजून वीतभरही नाही. मी सांगितलं. मागणं सांगितलं, आणि मागणं पुरं झाल्यावर काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या तेही सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे यातून काहीच ठरत नाही.”

“नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.”

“मलापण.” तिने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. “सुई घेऊ या, बाबा. आधी कोण आहे ते तर कळू दे. पण कळल्यावर काय करणार असं मला कोणी आत्ता विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा.” मी कबूल केलं. विचारलेलं नाही. माझं मलाही विचारत नाही, कारण ती काहीही म्हणाली तरी मी “बरं” म्हणणार हे मला दिसतं आहे, आणि दोन्ही “बरं” म्हणताना माझा आवाज कसा निघेल ते दिसत नाही.

काल नांदेडला गेलो. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती, पण झोपलेली नव्हती. दवाखान्यात कागदांवर सह्या घेतल्या, पुन्हा एकदा बजावलं की मुलगा-मुलगी विचारू नका. आम्हाला ते सुचतही नव्हतं. मुलीला आत घेतलं, सोबत हिला; मला आणि जावयाला बाकावर. फार वेळ लागला नाही. ती बाहेर आली तेव्हा एक हात पोटावर आणि चेहरा कोणाची तरी परीक्षा घेऊन आल्यासारखा. “सुई आली तशी ते बाजूला सरकलं,” म्हणाली, “पडद्यावर दिसलं मला.” हे सांगताना तिचा आवाज क्षणभर फळ्यापुढचा झाला, आणि मग ती आईच्या खांद्यावर रडली. घंटाभर पडून राहायला सांगितलं होतं. मी म्हणालो, जरा पाय मोकळे करून येतो.

तुमच्या गल्लीत गेलो नाही. सरळ गोदावरीवर गेलो. घाटाच्या शेवटच्या पायरीला बसून आचमन केलं, देश-काल म्हटला, नाव-गोत्र सांगितलं, आणि इच्छा बोलायच्या जागी येऊन थांबलो. दुसऱ्यांच्या घरी पूजा सांगताना मी हा संकल्प शेकडो वेळा म्हणवून घेतला आहे. लोकांना काय हवं ते मी त्यांच्याआधी म्हणून मोकळा होतो. काल ओंजळीत पाणी धरून बसलो. बाळ निर्दोष असो म्हणावं, तर समोर दादा येऊन बसला, मांडी घालून, ओठ हलवायच्या तयारीत. त्याच्यादेखत मला तो शब्द उच्चारता येईना. जसं असेल तसं असो म्हणावं, तर मोरीच्या कडेवर माझीच मुलगी दिसली. शेजारी कपडे धुणारी बाई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी संस्कृत सोडलं आणि मराठीत म्हणालो, माझ्या पोरीला झेपेल असं होऊ दे. पाणी सोडलं.

निकाल यायला अजून काही दिवस आहेत. फोन वाजला की घरातले चौघंही आपापल्या जागी थांबतो. हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं हे ठाऊक असतं तरी मी ते टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्ही वाचू नये असं मला वाटतं आणि तीच सांगायला बसलो होतो. पोरीसाठी मागून झाल्यावर मी पुन्हा ओंजळ भरली होती, बाळासाठी. ती माझ्या हातात बराच वेळ होती. मग मी ती ‘जगू दे’ एवढंही न म्हणता सोडून दिली, हात धोतराला पुसले, आणि वर चढून आलो.